डोळ्याच्या चिठ्ठीतले दिवस

गेल्या पावसाळ्यात मावशीचे डोळे आले. सोलापुरातली विडी कामगार ती, डोळ्याशिवाय पान वळणार कसं? तिच्या पिशवीत गेल्या वर्षीची ड्रॉपची बाटली होती, दुधासारखी, हलवून घालायची. "ह्यानं लगेच बरं वाटतंय बघ," ती म्हणाली. लेबल वाचलं: टोब्रामायसिन आणि डेक्सामेथासोन. प्रतिजैविक आणि स्टिरॉइड एकत्र.

दवाखान्यांतून औषधं कशी लिहिली जातात हे तपासायला जागतिक आरोग्य संघटनेने १९९३ मध्ये काही मोजमापं ठरवून दिली. एका चिठ्ठीत सरासरी किती औषधं, किती मूळ नावानं (कंपनीच्या नावानं नाही) लिहिलेली, प्रतिजैविकं किती, इंजेक्शनं किती, आवश्यक औषधांच्या यादीतली किती. डोळ्यांच्या ओपीडीत मात्र हे आकडे जपून वाचावे लागतात. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर प्रतिजैविक आणि स्टिरॉइडचे थेंब सहसा द्यावे लागतात. त्यामुळे प्रतिजैविकांचं प्रमाण जास्त दिसलं म्हणून लगेच डॉक्टरांना दोष देता येत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. या पद्धतीत एकत्र केलेली औषधं एकच धरतात. म्हणजे मावशीची ती बाटली मोजणीत 'एक औषध'. त्यातलं स्टिरॉइड औषधांच्या सरासरीत दिसतच नाही.

डोळे येण्याची साथ बहुतेक वेळा ॲडिनोव्हायरसची असते. प्रतिजैविकाचा विषाणूवर काहीच परिणाम होत नाही; एकदोन आठवड्यांत डोळा आपोआप बरा होतो. स्टिरॉइडनं लाली झटकन उतरते, म्हणून ते गुणकारी वाटतं. पण आठवडेच्या आठवडे घातलं तर काहींच्या डोळ्यातला दाब वाढतो, काचबिंदू होतो, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. आपल्याकडे तर ज्वारी काढताना, ऊस तोडताना पातं डोळ्याला लागणं नेहमीचंच. त्या जखमेत बुरशी शिरली असेल आणि वर स्टिरॉइड पडलं, तर बुरशीला रानच मोकळं मिळतं. बुबुळ पांढरं पडेपर्यंत घरच्यांना वाटत असतं, औषध चालू आहे की!

म्हणून डोळ्याच्या चिठ्ठीत मला औषधाच्या नावाइतकीच महत्त्वाची वाटते ती 'किती दिवस' ही नोंद. स्टिरॉइडचे थेंब तर डॉक्टर आठवड्याआठवड्यानं कमी करत आणतात. दिवस लिहिलेले नसले की बाटली कपाटात उरते आणि पुढच्या वर्षी शेजारणीच्या डोळ्यातही पडते.

किती थेंब घालायचे, याचंही तसंच. बाटलीतून पडणारा एक थेंब साधारण ३० ते ५० मायक्रोलिटरचा, आणि डोळ्यात मावतात जेमतेम ३०. लागोपाठ दुसरा घातला तर तो गालावरच ओघळतो. दोन वेगळी औषधं असतील तर मध्ये किमान पाच मिनिटं जाऊ द्यायची.

मावशीला डॉक्टरांनी नुसते ओलाव्याचे थेंब आणि गार पाण्याच्या पट्ट्या सांगितल्या. चिठ्ठीवर लिहिलं, दोन्ही डोळे, सात दिवस. जुनी बाटली मी तिच्यासमोरच फेकली. नवीवर फोडल्याची तारीख पेनानं घातली. महिना झाला की तीही टाकायची.