ओरडा खाल्ल्यावर औषधाचा हिशेब का चुकतो

'आम्हीही ओरडा खाऊनच शिकलो, त्याशिवाय हात बसत नाही.' नवी स्टाफ नर्स रुजू झाली की हे वाक्य तिच्या कानावर पडतंच. मग इनचार्ज सिस्टर सगळ्या वॉर्डासमोर पाणउतारा करतात. हँडओव्हरमध्ये, म्हणजे ड्युटी बदलताना रुग्णांची माहिती देताना, एखादी गोष्ट मुद्दाम सांगितली जात नाही, नाइट ड्युट्या एकीलाच लागतात, राउंडला डॉक्टर फाइल भिरकावतात आणि नातेवाईक अंगावर धावून येतात. २०१४ साली पॉल स्पेक्टर आणि सहकाऱ्यांनी जगभरातल्या दीड लाखाहून अधिक परिचारिकांची माहिती एकत्र तपासली. सुमारे एक तृतीयांश जणींवर शारीरिक हल्ला झालेला होता आणि शिवीगाळ-धमक्या सोसलेल्या तर दोन तृतीयांश होत्या.

यातल्या अपमानाबद्दल आणि नोकरी सोडून जाणाऱ्या मुलींबद्दल थोडंफार बोललं जातं. ओरड्याने मेंदूत काय होतं, हे मात्र कोणी सांगत नाही. म्हणून हा लेख.

आधी एक साधा हिशेब पाहू. रुग्णाचं वजन ६० किलो. डोपामिन हे रक्तदाब वाढवणारं औषध द्यायचंय, दर किलोला दर मिनिटाला ५ मायक्रोग्रॅम. म्हणजे मिनिटाला ३००, तासाला १८,००० मायक्रोग्रॅम, अर्थात १८ मिलिग्रॅम. सिरिंजमध्ये एकूण ५० मिलिलिटरमध्ये २०० मिलिग्रॅम औषध आहे, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ४. पंप लावायचा तासाला ४.५ मिलिलिटरवर. गणित सातवीचं आहे, पण पुढची पायरी करताना मागचा आकडा डोक्यात धरून ठेवावा लागतो, आणि त्याच वेळी शेजारच्या खाटेचा मॉनिटर वाजत असतो.

हे 'धरून ठेवणं' कपाळामागच्या प्रीफ्रंटल कॉर्टेक्समध्ये होतं. आकडा कागदावर असतो तेव्हा डोळे तो मेंदूला पुन्हा पुन्हा पुरवतात. कागद बाजूला गेला की तिथल्या चेतापेशी एकमेकींना संदेश पाठवत राहून आकडा जागा ठेवतात. फुगडीत दोघी मागे झुकलेल्या असतात आणि एकमेकींच्या हातांमुळेच उभ्या राहतात, तसं. पकड सुटली की आकडा गेला.

या पकडीवर नॉरअ‍ॅड्रेनलिन या रसायनाचा ताबा असतो. येल विद्यापीठातल्या एमी आर्नस्टेन यांनी अनेक दशकं याचाच अभ्यास केला आहे. आपण सावध आणि शांत असतो तेव्हा नॉरअ‍ॅड्रेनलिन मध्यम प्रमाणात असतं आणि ते पेशीवरच्या अल्फा-२ए नावाच्या ग्राहीला, म्हणजे रसायन पकडणाऱ्या जागेला, चिकटतं. त्यामुळे पेशींच्या जोडणीजवळची आयनांची दारं बंद होतात, संदेश गळत नाही, पकड घट्ट राहते. कुणी अंगावर ओरडलं, धमकावलं, की मेंदूच्या देठातून याच रसायनाचा लोंढा येतो. आता ते अल्फा-१ ग्राहींनाही चिकटू लागतं. या ग्राही कमी प्रमाणाला दाद देत नाहीत, त्यांना लोंढाच लागतो. अल्फा-१ ग्राही पेशीत कॅल्शियम वाढवतात, पोटॅशियमची दारं उघडतात, आणि पेशींचं आपसातलं बोलणं क्षीण होतं. याच वेळी भीतीची आठवण पक्की करणारा मेंदूचा भाग, अमिग्डाला, मात्र जोरात काम करू लागतो.

इथे त्या पहिल्या वाक्याचं उत्तर मिळतं. ओरडा आयुष्यभर लक्षात राहतो, कारण अमिग्डालाने तो कोरून ठेवलेला असतो. म्हणून ज्येष्ठ सिस्टरना मनापासून वाटतं की आपण त्यानेच शिकलो. खरं तर औषधाचं प्रमाण त्यांनी शांतपणे, शेकडो वेळा करून आत्मसात केलेलं असतं.

आणि याचा फटका रुग्णाला बसतो, हे प्रयोगाने दाखवलं गेलं आहे. इस्रायलमध्ये एरी रिस्किन, आमिर एरेझ आणि सहकाऱ्यांनी नवजात अतिदक्षता विभागांतल्या २४ चमूंची चाचणी घेतली, प्रत्येक चमूत एक डॉक्टर आणि दोन परिचारिका. अपुऱ्या दिवसांच्या बाळाची तब्येत आतड्याच्या गंभीर आजाराने अचानक ढासळते, असा बनाव होता. काही चमूंना एका 'परदेशी तज्ज्ञा'ने स्थानिक वैद्यकीय सेवेबद्दल हेटाळणीचे शेरे ऐकवले. शिवी नाही, हात उगारणं तर नाहीच. कोणत्या चमूला शेरे ऐकवलेत हे परीक्षकांना माहीत नव्हतं, तरी चित्रफिती पाहून त्यांनी दिलेले गुण शेरे ऐकलेल्या चमूंना कमी पडले, निदानात आणि प्रत्यक्ष उपचारातही. शेरे ऐकलेले लोक एकमेकांना माहिती कमी देत होते आणि मदत कमी मागत होते. हा अभ्यास २०१५ सालचा. दोन वर्षांनी त्यांनी बाळाच्या आईची भूमिका करणाऱ्या नटीकडून उद्धट बोलणं करवलं, तर कामावरचा परिणाम दिवसभर टिकला.

घटनेनंतर अनुभव लिहून काढायला लावणं, हा उपायही याच दुसऱ्या अभ्यासात तपासला गेला. त्याने काम सुधारलं नाही. तेव्हा मारहाण झाल्यावर 'सकारात्मक ऊर्जे'चं शिबिर भरवून मोकळं होणाऱ्या व्यवस्थापनांवर माझा विश्वास नाही. तसाच 'अमावस्या-पौर्णिमेला वॉर्डात भांडणं होतात' या समजुतीवरही नाही. हिंसेचे अंदाज खरोखर बांधता येतात. नॉर्वेतल्या ब्रोसेट यादीत फक्त सहा खुणा आहेत: गोंधळलेपणा, चिडचिड, आरडाओरडा, शाब्दिक धमकी, शारीरिक धमकी, वस्तूंची आदळआपट. मनोरुग्ण वॉर्डांसाठी केलेली ही यादी भरायला काही मिनिटं पुरतात. दोनाहून अधिक खुणा दिसल्या तर पुढच्या २४ तासांत हल्ल्याचा धोका मोठा समजायचा आणि आधीच माणसं वाढवायची.

सहकाऱ्यांकडून होणाऱ्या त्रासावर मार्था ग्रिफिन यांनी बॉस्टनमध्ये २६ नव्या परिचारिकांबरोबर एक पद्धत वापरली, तिचा अहवाल २००४ सालचा आहे. नेहमीच्या त्रासांची नावं आणि त्यांवर द्यायची उत्तरं छोट्या कार्डांवर छापून दिली, पाठ करून घेतली. कुणी तोंड वाकडं केलं तर म्हणायचं वाक्य मराठीत असं होईल: 'सिस्टर, तुम्हाला काही सांगायचंय असं वाटतंय. थेट मलाच सांगा, चालेल.' मला ही पद्धत पटते ती वर सांगितलेल्या कारणाने. लोंढा आल्यावर नवं वाक्य जुळवणं अवघड जातं, पाठ असलेलं मात्र तोंडात येतं.

महाराष्ट्रात २०१० पासून रुग्णालयातल्या हिंसेविरुद्ध कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५०,००० रुपयांपर्यंत दंड. तो परिचारिकांनाही लागू आहे. पण मारहाणीपर्यंत न पोचलेला रोजचा पाणउतारा थांबवायला वॉर्डातच नियम लागतील. माझ्या मते पहिला नियम असा असावा: जिच्यावर नुकतंच कुणी ओरडलंय, तिने पुढचा अर्धा तास डोपामिन, इन्सुलिन, पोटॅशियम यांसारखं औषध एकटीने भरायचं नाही. दुसरीने हिशेब पुन्हा करून सही करायची, आणि ओरडणाऱ्याचं नाव त्याच नोंदवहीत लिहायचं, मग ते नातेवाईक असोत, डॉक्टर असोत की इनचार्ज सिस्टर.