रूब वॉडेल : किस्से बाजूला ठेवले तरी उरतो तो पिचर

अमेरिकन बेसबॉलमधल्या रूब वॉडेलचं नाव निघालं की लोक आधी आगीचा बंब दिसला की त्याच्यामागे पळत सुटणारा वेडा पिचर (म्हणजे बॅटरला बॉल टाकणारा) हाच किस्सा सांगतात, आणि त्यात तो बॉल काय टाकायचा ते राहूनच जातं.

जन्म १८७६ चा, पेनसिल्व्हेनियातल्या ब्रॅडफर्डचा. डावखुरा, फास्ट बॉल जबरदस्त आणि कर्व्ह (वळणारा बॉल) त्याहून वाईट (म्हणजे बॅटरसाठी). लुईव्हिल, पिट्सबर्ग, शिकागो असं करत करत कुणालाच न झेपता तो कॅलिफोर्नियात जाऊन खेळत होता, तिथून १९०२ मध्ये मॅनेजर कॉनी मॅकने त्याला फिलाडेल्फियाच्या अ‍ॅथलेटिक्समध्ये आणला, म्हणतात की आणायला पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीचे डिटेक्टिव्ह पाठवावे लागले. सीझन निम्मा होत आलेला, तरी पठ्ठ्याने २४ मॅच जिंकल्या आणि टीम अमेरिकन लीगमध्ये (वरच्या दर्जाच्या दोन लीगपैकी एक) पहिली.

पुढे १९०७ पर्यंत सलग सहा वर्षं अमेरिकन लीगमध्ये सगळ्यात जास्त स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइक झाले की बॅटर बाद) त्याचेच. आता एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी, १९०३ पासून या लीगमध्ये पहिले दोन फाउल (रेषेबाहेर मारलेले बॉल) स्ट्राइक म्हणून मोजायला लागले, त्याचा फायदा सगळ्याच पिचरना झाला. पण तेव्हाचे बॅटर बॅट वर आखूड पकडून कसंही करून बॉलला लावायचेच, सहजासहजी स्ट्राइकआउट होणारी माणसं नव्हती ती, त्यामुळे १९०४ चे ३४९ स्ट्राइकआउट मला अजूनही अचाट वाटतात.

१९०५ तर कळस. २७ विजय, १.४८ ईआरए (नऊ इनिंगमागे पिचरच्या खात्यावर जाणाऱ्या रन, जितक्या कमी तितकं चांगलं), २८७ स्ट्राइकआउट, तिन्हीत लीगमध्ये पहिला. ४ जुलैला बॉस्टनचा पिचर साय यंगविरुद्ध दोघांनीही २० इनिंग (मॅच एरवी नऊची) पूर्ण टाकल्या आणि रूब ४-२ ने जिंकला. आणि वर्ल्ड सिरीज (दोन्ही लीगच्या विजेत्यांची फायनल) तोंडावर असताना टीममधल्या अँडी कोकलीच्या स्ट्रॉ हॅटवरून मस्तीत झटापट झाली, खांदा दुखावला, सिरीज हुकली. जुगाऱ्यांनी पैसे चारले अशीही कुजबुज झाली, सिद्ध काहीच झालं नाही. अ‍ॅथलेटिक्स न्यूयॉर्क जायंट्सकडून ४-१ ने हरले.

मग दारू वाढली, सहकारी वैतागले, आणि १९०८ च्या सुरुवातीला मॅकने त्याला सेंट लुईसला विकून टाकला. त्याच वर्षी त्याने जुन्या टीमचेच १६ बॅटर एका मॅचमध्ये स्ट्राइकआउट केले! १९१० मध्ये त्याची मेजर लीगमधली, म्हणजे वरच्या दर्जाची, कारकीर्द संपली. १९१२ मध्ये केंटकीतल्या हिकमनला पूर आला तेव्हा हा थंड पाण्यात उभा राहून वाळूची पोती रचत होता, तिथून तब्येत ढासळली ती ढासळलीच, १ एप्रिल १९१४ ला सॅन अँटोनियोत टीबीने गेला, वय ३७.

थोर खेळाडूंच्या हॉल ऑफ फेममध्ये तो १९४६ ला गेला, आणि योगायोग बघा, त्याच वर्षी क्लीव्हलँडच्या बॉब फेलरने ३४८ स्ट्राइकआउट करून वॉडेलचा एका सीझनचा (१९०० नंतरचा) रेकॉर्ड मोडला असं सगळे धरून चालले होते, कारण तेव्हा वॉडेलच्या नावावर ३४३ लागलेले. नंतर जुने स्कोअर परत तपासले तर आकडा ३४९ निघाला, मग तो खरा मोडला १९६५ मध्ये सँडी कोफॅक्सने, ३८२ करून. कोफॅक्सही डावखुराच.