हळदीचे हात

मिरपुडीचा प्रयोग आता बऱ्याच शाळांत दाखवतात. ताटलीत पाणी, त्यावर मिरपूड; साबण लावलेलं बोट टेकवलं की पूड कडेला पळते. मुलं खूश होतात, पण मला हा प्रयोग खटकतो. पूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण (पाण्याच्या पृष्ठभागावरची ओढ) कमी झाल्यामुळे. मुलांच्या मनात मात्र 'साबणाला भिऊन जंतू पळतात' एवढंच बसतं, आणि मग हात साबणाला नुसते शिवून नळाखाली धरले जातात.

खानापूर, निपाणीकडच्या आपल्या मराठी शाळांत अक्षर दासोहाचं (कर्नाटकातल्या शालेय माध्यान्ह भोजनाचं) जेवण वाढण्याआधी दुसरा प्रयोग करून बघा. मुलांच्या तळहातावर चार थेंब गोडेतेल आणि चिमूटभर हळद द्या, दोन्ही हातांना नीट चोळू द्या. आधी नुसत्या पाण्याने धुवायला सांगा. पिवळं फारसं हलत नाही, पाणी वरच्यावर ओघळून जातं. मग अंगाच्या साबणाची वडी द्या. हळद बघता बघता तांबूस होते, कारण हा साबण अल्कधर्मी असतो. (हळदीला चुना लावून कुंकू करतात, तेही याच गुणामुळे.) आता हात निरखायला सांगा. तळवे बऱ्यापैकी निघालेले असतात. अंगठ्याचं मूळ, बोटांच्या बेचक्या आणि नखांच्या कडा मात्र रंगलेल्याच! आपण काय सोडलं, हे मुलाला स्वतःला दिसतं.

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याला धरतं, दुसरं तेलाला. चोळल्यावर तेलकट मळ आणि त्यातले जंतू कातडीवरून सुटतात. त्यातले पुष्कळ मरत नाहीत, वाहून जातात. म्हणूनच 20 सेकंद चोळायचं आणि वाहत्या पाण्याखाली धुवायचं. नळ नसेल तर एकाने तांब्याने पाणी ओतावं. एकाच बादलीत सगळ्यांनी हात बुडवू नयेत.

हातावरचं असं दाखवता येतं, भातातलं नाही. बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूचे बीजाणू (कवचातलं त्याचं सुप्त रूप) शिजवूनही टिकतात. भात तासन्‌तास तसाच राहिला की ते रुजतात, वाढतात आणि विष तयार करतात. उलट्या करवणारं हे विष फोडणीच्या आचेनेही नष्ट होत नाही, आणि भाताला वास येईलच असंही नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात लवकर निववून दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये ठेवावा. फ्रिज नसेल तर रात्री बेतानेच शिजवावा, आणि सकाळच्या डब्यात रात्रभर बाहेर राहिलेला भात देऊ नये.