मुळाबरहुकूम जीर्णोद्धार आणि आधुनिकीकरण (दुर्मीळ स्पोर्ट्स कार)

दुर्मीळ जुनी स्पोर्ट्स कार पुन्हा रस्त्यावर आणण्याच्या दोन पद्धती. मुळाबरहुकूम जीर्णोद्धारात गाडी कारखान्यातून निघाली तेव्हा जशी होती तशी केली जाते. पत्र्यापासून स्क्रूच्या डोक्यापर्यंत. आधुनिकीकरणात बाहेरचे रूप जुनेच ठेवून आत आजचे इंजिन, ब्रेक, वायरिंग बसवतात. अशा गाडीला ‘रेस्टोमॉड’ म्हणतात. यांखेरीज तिसरी वाट आहे ती जतनाची : उरले आहे ते सांभाळायचे, झीज थांबवायची आणि नवे शक्य तितके कमी घालायचे.

जीर्णोद्धार हा शब्द इंदूरकरांना अहिल्याबाईंमुळे देवळांसाठी परिचयाचा आहे, आणि जतन व पुनर्बांधणी या शब्दांतला फरक समजायला इंदूरच्या राजवाड्यासारखी जागा नाही. १९८४ च्या आगीत वाड्याचा मागचा भाग जळाला. तो पुढे चुना, विटा आणि लाकूड वापरून जुन्या धर्तीवर पुन्हा बांधला गेला. समोरचा सातमजली दर्शनी भाग मात्र जुना. म्हणजे पुढे जतन आणि मागे पुनर्बांधणी. दोन्ही चांगली कामे आहेत, पण एक नव्हेत. मोटारींच्या जगानेही हा विचार इमारतींकडूनच घेतला. वास्तूंसाठी १९६४ ची व्हेनिस सनद होती. तिच्या धर्तीवर ‘फिव्हा’ या ऐतिहासिक वाहनांच्या जागतिक संघटनेने २०१२ मध्ये ट्युरिन सनद मान्य केली. जतन, जीर्णोद्धार आणि पुनर्बांधणी यांच्या सीमा तिने आखून दिल्या.

इंदूरचा या विषयाशी संबंध थेट आहे. महाराजा यशवंतराव होळकर दुसरे (१९०८–१९६१) यांनी जर्मन वास्तुकार एकार्ट मुथेसियसकडून माणिकबाग राजवाडा बांधून घेतला. त्याच आधुनिक नजरेने त्यांनी मोटारी निवडल्या. त्यांची ड्यूसेनबर्ग एसजे ही त्यांतली सर्वांत विख्यात. सांगाडा आणि इंजिन अमेरिकेचे, तर दोन आसनांची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग यांनी हाताने घडवलेली. रंग केशरी आणि काळा. इंजिन सरळ रांगेतल्या आठ सिलिंडरांचे, सुमारे ६.९ लिटरचे, ३२ व्हॉल्व्हचे. सुपरचार्जरसह (इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंपासह) ताकद ३२० अश्वशक्ती सांगितली जाई. पुढे ही गाडी परदेशी संग्राहकांकडे गेली. माणिकबागेतले फर्निचरही १९८० मध्ये मोनाकोत लिलावात विकले गेले.

अशा गाडीची बॉडी जगात एकच असते. नक्कल करायला दुसरी गाडी नाही. तिचा मूळ पत्रा, शिवण, हातोडीच्या खुणा हाच तिचा दस्तऐवज. मोडी कागदाला कसर लागली म्हणून कोणी तो टाइप करून घेऊन मूळ फाडून टाकत नाही. दुर्मीळ गाडीवर उत्साहाने हात घालणारे मात्र नेमके हेच करतात, आणि त्याचे मनापासून वाईट वाटते.

सर्वांत कठीण प्रश्न लाकडाचा. एमजी टीसी (१९४५–४९) या ब्रिटिश स्पोर्ट्स कारसारख्या गाड्यांत पत्र्याच्या आत अ‍ॅश लाकडाची चौकट असते. हे लाकूड लवचीक. धक्का बसला की वाकते आणि परत येते. म्हणून कुऱ्हाडी-हातोड्यांचे दांडे त्याचे करतात. पण ते ओल सहन करत नाही. माळव्यातले चार पावसाळे गाडी उघड्या पडवीत राहिली, की दाराच्या खालच्या अंगाला स्क्रूभोवती लाकडाचा भुगा होतो आणि दार लटकू लागते. आपल्याकडचा सुतार तेथे सागवान बसवतो. सागवान कुजत नाही, वाळवीलाही दाद देत नाही. मात्र त्याच्या अंगच्या तेलामुळे सरस नीट धरत नाही आणि लवचीकपणाही वेगळा, त्यामुळे सांधे कुरकुरतात. कुजलेला तुकडाच कापून तेवढाच अ‍ॅशचा जोड देणे हा योग्य उपाय. त्याला वेळ लागतो, पैसेही जास्त पडतात. पूर्ण चौकट सागवानी करणे स्वस्त, आणि बाहेरून काही कळतही नाही. पण मग ती पुनर्बांधणी झाली, हे कागदावर लिहून ठेवावे.

रंगाचेही तसेच. जुना सेल्युलोज रंग घासून, पुट्टी भरून आजच्या टू-के (हार्डनर मिसळून लावायच्या) रंगाचे हात मारले, की गाडी काचेसारखी चमकते. कारखान्यातून निघाली तेव्हा ती इतकी चमकत नव्हती. २०२४ साली अमेरिकेतल्या पेबल बीच या जुन्या मोटारींच्या स्पर्धेत जतन गटातल्या १९३४ च्या बुगाटी टाइप ५९ ला सर्वोच्च मान मिळाला. जीर्णोद्धार न केलेल्या गाडीला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ.

आधुनिकीकरणाच्या बाजूनेही खरी कारणे आहेत. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. शिशामुळे व्हॉल्व्हच्या सीटला (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कडीला) जे संरक्षण मिळे ते गेले, म्हणून कडक सीट बसवाव्या लागतात. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते. त्याने जुन्या रबरी नळ्या फुगतात, बुचाचे (कॉर्कचे) गॅस्केट खराब होते, आणि इथेनॉल ओल ओढून घेत असल्याने टाकी आतून गंजते. नळ्या बदलण्याला विरोध करणे हा हट्ट आहे. ब्रेकचे तर आणखी निकडीचे. १९४८ ची जॅग्वार एक्सके १२० तिच्या ताशी १२० मैल वेगावरून ओळखली गेली, पण तिला चारही चाकांना ड्रम ब्रेक होते. मे महिन्यात इंदूर-खंडवा रस्त्यावर भेरूघाट उतरताना ड्रम तापले, की पेडल दाबूनही गाडी पुरेशी थांबत नाही. याच कंपनीने १९५३ ची फ्रान्समधली ल मां मोटार शर्यत डिस्क ब्रेकच्या गाडीने जिंकली. तेव्हा रस्त्यावर चालवायच्या गाडीला डिस्क बसवण्यात गैर काही नाही, अट एवढीच, की त्यासाठी मूळ भागाला छिद्र पाडू नये, कापू नये.

बोल्ट काढून जे पूर्ववत करता येते ते मान्य, आणि गॅस कटर लागतो ते अमान्य, हाच खरा निकष. चेसिस (सांगाडा) कापून त्यात व्ही-८ इंजिन बसवणे, इंजिन फेकून बॅटरी घालणे, हे दुर्मीळ गाडीच्या बाबतीत नुकसानच. १९७० नंतर हजारोंनी निघालेल्या गाडीचे तसे केले तर हरकत घेण्याचे कारण नाही.

भारतात कायदाही येथे मूळ स्थितीच्या बाजूने झुकतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल न झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची विंटेज नोंदणी मिळते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून मुदत १० वर्षांची. अशी गाडी रोजच्या वापरासाठी नसते. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन भरणे यांसाठीच बाहेर काढता येते. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ देखील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदलांना मनाई करते.

काढलेला प्रत्येक भाग जपणे हा कामाचाच हिस्सा मानला जातो. सहा व्होल्टचा डायनामो काढून अल्टरनेटर बसवला, की डायनामोला ग्रीस लावून तो तेलकट फडक्यात गुंडाळतात आणि तारेने चिठ्ठी बांधतात. चिठ्ठीवर काढल्याची तारीख, गाडीचा चेसिस नंबर आणि कोणत्या बोल्टने तो जागेवर होता ते लिहिलेले असते. गाडी विकताना ही पेटीही सोबत जाते.