नाव आपलं, मालकी कुणाची?

१९९७ साली गॅप या कपड्यांच्या कंपनीची एक छोटी जाहिरात अमेरिकेत टीव्हीवर लागली. रॅपर एलएल कूल जे तिच्यात गॅपची जीन्स घालून गात होता, पण डोक्यावर टोपी होती फुबू या कृष्णवर्णीय तरुणांच्या कपड्यांच्या कंपनीची. गाता गाता त्यानं ‘फॉर अस, बाय अस’ हे शब्दही ओळीत बसवले. याच शब्दांच्या आद्याक्षरांवरून फुबू हे नाव पडलं होतं. गॅपच्या खर्चानं दुसऱ्याच कंपनीची जाहिरात झाली, आणि हे गॅपला समजलं ते जाहिरात पडद्यावर आल्यानंतर.

मोठ्या कंपनीशी हातमिळवणी करावी की स्वतःचा धंदा उभारावा, या कृष्णवर्णीय कलावंत-खेळाडूंभोवतीच्या वादात हा किस्सा आजही स्वाभिमानाचा दाखला म्हणून सांगितला जातो. सांगावाच. फक्त पुढची हकीकतही सांगायला हवी. फुबू सुरू झाली १९९२ मध्ये, न्यूयॉर्कच्या क्वीन्समधल्या हॉलिस वस्तीत. संस्थापकाच्या आईनं राहतं घर गहाण टाकून सुमारे १ लाख डॉलर उभे केले आणि त्याच घरात शिलाई मशिनी लागल्या. ऑर्डरी आल्या, पण त्या पुऱ्या करायला लागणारं कापड घ्यायला पैसा नव्हता, आणि बँका एकामागून एक नकार देत होत्या. शेवटी भांडवल मिळालं ते सॅमसंगच्या कापड विभागाकडून. ‘आमच्यासाठी, आमच्याकडून’ म्हणणारा माल देशभरच्या दुकानांत पोचला तो कोरियन पैशावर. यात मला ढोंग दिसत नाही. हातात ऑर्डर आणि खिशात काही नाही, ही वेळ ज्याच्यावर आली आहे त्याला तो करार का झाला ते समजेल.

त्याआधीचा काळ थोडक्यात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मॅडम सी. जे. वॉकर या कृष्णवर्णीय उद्योजिकेनं इंडियानापोलिसमधून केसांच्या उत्पादनांचा मोठा व्यवसाय उभारला; माल दारोदार जाणाऱ्या विक्रेत्या बायका विकत, त्यामुळे दुकानदाराच्या फळीची गरजच फारशी नव्हती. शिकागोची जॉन्सन प्रॉडक्ट्स १९७१ मध्ये अमेरिकन स्टॉक एक्स्चेंजवर नोंदली गेली, कृष्णवर्णीयांच्या मालकीची तिथली पहिली कंपनी. काही वर्षांतच एका केंद्रीय यंत्रणेनं तिला केस सरळ करण्याच्या क्रीमवर धोक्याची सूचना छापायला लावली. मोठ्या प्रतिस्पर्ध्यावर तीच सक्ती बऱ्याच उशिरा आली आणि तोवर गिऱ्हाईक हललं होतं.

खेळाडूंच्या बाबतीत १९७९ आणि १९८४ ही दोन वर्षं महत्त्वाची. १९७९ मध्ये बास्केटबॉलपटू मॅजिक जॉन्सनसमोर नायकेनं रोख रकमेऐवजी शेअर देऊ केले. शेअर म्हणजे काय हे तेव्हा घरात कुणालाच ठाऊक नव्हतं, असं त्यानं पुढं अनेकदा सांगितलं आहे. त्यानं कॉन्व्हर्स या बुटांच्या कंपनीची रोकड घेतली. १९८४ मध्ये बास्केटबॉलपटू मायकल जॉर्डननं नायकेशी करार केला आणि विक्रीतला वाटा मिळवला. २०२२ च्या आर्थिक वर्षात जॉर्डन ब्रँडची उलाढाल ५ अब्ज डॉलरच्या वर गेली. पण त्या ब्रँडचं उडी मारणाऱ्या खेळाडूचं चिन्ह कायद्यानं नायकेचंच आहे.

गोंधळ वाढतो तो ‘ब्लॅक-ओन्ड’, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या मालकीचा, या शब्दानं. दुकानाच्या फळीवर, सरकारी कंत्राटात, पुरवठादारांच्या यादीत हा शब्द सरसकट येतो. प्रचलित निकष असा की किमान ५१ टक्के मालकी आणि रोजचा कारभार त्या समाजातल्या व्यक्तींच्या हाती हवा. निकष लबाडी रोखण्यासाठी आला, कारण एखाद्याला नावापुरता मालक करून कंत्राटं लाटली जात होती. पण तो लावून बघा. गायिका रिहानाची फेंटी ब्यूटी सप्टेंबर २०१७ मध्ये चेहऱ्याला लावायच्या फाउंडेशनच्या ४० छटा घेऊन आली. गडद वर्णाच्या बायकांना आपल्या रंगाची बाटली थेट फळीवर मिळाली आणि साऱ्या प्रसाधन उद्योगाला छटा वाढवाव्या लागल्या. त्या कंपनीत साधारण निम्मा हिस्सा फ्रान्सच्या एलव्हीएमएच या चैनीच्या वस्तूंच्या समूहाचा. तिचा माल जिथं विकला गेला ती सेफोरा ही दुकानसाखळीही त्यांचीच. म्हणजे ५१ चा आकडा भरत नाही. उलट, ज्याची ओळख त्याच्या गल्लीपलीकडे नाही असा शंभर टक्के मालक या व्याख्येत सहज बसतो. बीईटी ही कृष्णवर्णीयांसाठीची वाहिनी २००० मध्ये व्हायाकॉम या माध्यम कंपनीला सुमारे ३ अब्ज डॉलरला विकण्याचं ठरलं. संस्थापक अब्जाधीश झाला आणि वाहिनीचं ‘ब्लॅक-ओन्ड’ हे बिरुद गेलं. धंदा मोठा झाला की बाहेरचं भांडवल येतं, आणि ते आलं की हा शब्द गळून पडतो. कर्जाची दारं पिढ्यान्‌पिढ्या बंद राहिलेल्या समाजाला हे माप लावणं मला अन्यायाचं वाटतं, जरी त्याहून बरं माप अजून कुणी पुढं केलेलं नाही.

नाव विकल्यावर काय होतं, हे रॅपर जे-झीच्या प्रकरणात सगळ्यांत स्वच्छ दिसतं. १९९९ मध्ये सुरू झालेल्या रॉकावेअर या त्याच्या कपड्यांच्या ब्रँडचे हक्क त्यानं २००७ मध्ये आयकॉनिक्स या कंपनीला २० कोटी ४० लाख डॉलरला दिले. दहा वर्षांनी त्याच कंपनीनं त्याच्यावर दावा ठोकला, कारण त्याच्या दुसऱ्या संस्थेचं ‘रॉक’ असलेलं चिन्ह बेसबॉलच्या टोप्यांवर आलं होतं. वाद लवादाकडे गेला. तेव्हा, २०१८ मध्ये, त्याच्या वकिलांनी न्यायालयात वेगळाच मुद्दा काढला: अशा गुंतागुंतीच्या प्रकरणांसाठीच्या लवादांच्या यादीत कृष्णवर्णीय माणसंच जवळपास नाहीत, मग निवड करायची कुणातून? काहींना ती वेळकाढू चाल वाटली. यादी मात्र खरंच तशी होती. पुढच्या वर्षी तडजोड झाली.

आदिदासनं ऑक्टोबर २०२२ मध्ये रॅपर कान्ये वेस्टशी, त्याच्या ज्यूविरोधी वक्तव्यांनंतर, संबंध तोडले तेव्हाही नाव एकाचं, माल दुसऱ्याचा अशी फोड समोर आली: बुटांच्या डिझाइनचे हक्क आपलेच, असं कंपनीनं जाहीर केलं, तर ‘यीझी’ हे त्या बुटांचं नाव त्याच्याकडे राहिलं. गायिका बियॉन्सेनं २०१८ मध्ये आयव्ही पार्क या आपल्या कपड्यांच्या ब्रँडमधला भागीदाराचा हिस्सा घेऊन पूर्ण मालकी मिळवली आणि लगोलग आदिदासशी नवी भागीदारी केली. ती २०२३ मध्ये संपली.

ताजं प्रकरण टार्गेट या दुकानसाखळीचं. २०२१ मध्ये तिनं कृष्णवर्णीयांच्या व्यवसायांवर २०२५ अखेर २ अब्ज डॉलरहून अधिक खर्च करण्याचं वचन दिलं. जानेवारी २०२५ मध्ये तिनं आपले समावेशकतेचे कार्यक्रम आवरते घेतले आणि बहिष्काराची हाक आली. तिच्या फळ्यांवर स्वतःच्या नावाचा माल असलेल्या अभिनेत्री टॅबिथा ब्राउन यांनी तेव्हा व्हिडिओ काढून विनवलं की खरेदी सरसकट थांबवू नका, कारण तिथं आमच्याच माणसांचा माल आहे आणि विक्री पडली तर तोच आधी खाली उतरेल. त्यांच्यावर कंपनीची बाजू घेतल्याची टीका झाली. गोदामात आणि फळीवर जाऊन पडलेला तो माल मात्र छोट्या उत्पादकांनी कर्ज काढून बनवलेला होता.