रक्तवाहिन्यांच्या जन्मखुणा, दिसणाऱ्या शिरा आणि लेझर : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

महापे येथील औद्योगिक वसाहतीतील आमच्या लहानशा कारखान्यात त्वचेवरील रक्तवाहिन्यांच्या उपचारासाठी लेझर यंत्रे विकसित केली जातात. आमचे ग्राहक त्वचारोगतज्ज्ञ आहेत. तरीही हे पत्रक त्यांच्या दवाखान्यात येणाऱ्या कुटुंबांनाही वाचता यावे अशा बेताने लिहिले आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करावीशी वाटते. बाळाच्या चेहऱ्यावर जन्मतःच दिसणारा सपाट, गुलाबी किंवा जांभळट डाग, म्हणजेच पोर्ट-वाइन डाग, गरोदरपणी ग्रहण पाहिल्यामुळे किंवा ग्रहणात काही चिरल्यामुळे येत नाही. गर्भाची वाढ होत असताना काही पेशींमधील जीएनएक्यू या जनुकात आपोआप होणारा बदल हे बहुतेक डागांमागील कारण असल्याचे २०१३ मध्ये दिसून आले. आईला दोष देण्याचे काहीही कारण नाही. मात्र डाग कपाळावर किंवा पापणीवर असल्यास बाळाला नेत्रतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ यांना अवश्य दाखवावे, कारण अशा काही मुलांमध्ये डोळ्यातील दाब वाढणे किंवा आकडी येणे संभवते.

लेझरने डाग खरवडला जात नाही. रक्तातील हिमोग्लोबिन ठरावीक रंगाचा प्रकाश शोषून घेते, त्या उष्णतेने रक्तवाहिनीची भिंत निकामी होते आणि शरीर ती हळूहळू नाहीशी करते. १९७० च्या दशकात वापरात आलेल्या आरगॉन लेझरने आजूबाजूची त्वचाही तापत असे आणि व्रण राहत. रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञांनी १९८३ मध्ये मांडलेल्या तत्त्वामुळे मार्ग सापडला: प्रकाशाचा झोत इतका आखूड ठेवावा, की वाहिनीतली उष्णता बाहेर पसरण्याआधीच तो संपावा. हा वेळ वाहिनीच्या जाडीच्या वर्गाप्रमाणे वाढतो. जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट होतो. म्हणूनच बाळाच्या गालावरील केसाहून बारीक वाहिन्यांना सुमारे एक मिलिसेकंदाचा (सेकंदाच्या हजाराव्या भागाचा) झोत पुरतो, तर पायावरील निळ्या शिरेला कितीतरी पट लांब झोत लागतो, आणि दोन्हींसाठी यंत्राची एकच सेटिंग वापरणे चुकीचे ठरते.

आपल्याकडच्या गव्हाळ आणि सावळ्या त्वचेत प्रश्न अधिक अवघड होतो, आणि आमची बहुतेक मेहनत इथेच खर्ची पडते. ५८५ किंवा ५९५ नॅनोमीटर तरंगलांबीचा (प्रकाशाचा रंग ठरवणारे माप) डाय लेझर, म्हणजे रंगद्रव्याच्या द्रावणातून प्रकाश निर्माण करणारा लेझर, पोर्ट-वाइन डागांवर प्रमाण मानला जातो, परंतु त्याचा प्रकाश त्वचेला रंग देणारे मेलॅनिनही शोषते. गोऱ्या त्वचेसाठी ठरवलेली ऊर्जा जशीच्या तशी दिल्यास फोड, काळपट किंवा पांढरे डाग उरू शकतात. १०६४ नॅनोमीटरचा प्रकाश मेलॅनिनला पुष्कळसा चुकवून खोल जातो, पण रक्तही तो कमीच शोषते, त्यामुळे ऊर्जा जास्त द्यावी लागते आणि गुण व इजा यांतले अंतर अरुंद होते. झोताआधी त्वचा थंड करणे, ऊर्जा बेताने वाढवणे आणि आधी लहानशा जागेवर चाचणी घेऊन काही आठवडे थांबणे या तीन गोष्टींना आमच्या मते पर्याय नाही. यंत्रातील तयार सेटिंगच्या भरवशावर चाचणी टाळू नये, अशी आमची सर्व दवाखान्यांना कळकळीची विनंती आहे.

उपचारासाठी साधारणतः चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक बैठका लागतात. डाग बहुधा फिका होतो. पूर्णपणे जाईलच असे आश्वासन आम्ही देत नाही आणि कोणी देऊ नये. डाय लेझरनंतर येणारा जांभळा रंग आठ-पंधरा दिवसांत ओसरतो. त्या काळात आणि पुढेही काही आठवडे ऊन कटाक्षाने टाळावे. दुचाकीवरून ये-जा करणाऱ्यांनी याकडे विशेष लक्ष द्यावे.

बाळाची उंचवट्याची, झपाट्याने वाढणारी लाल गाठ हा वेगळा विकार असून त्यावर डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिले जाणारे प्रोप्रॅनोलॉल हे औषध बहुधा पहिला पर्याय असते. पाय सुजत असतील, जड पडत असतील किंवा घोट्याजवळ जखम भरत नसेल, तर वरवरच्या शिरांवर लेझर मारण्याआधी कलर डॉपलर (ध्वनिलहरींनी शिरांतील रक्तप्रवाह पाहण्याची) तपासणी करून घ्यावी. आतली मोठी शीर नादुरुस्त असल्यास तिच्यात बारीक तंतू सरकवून करण्याचा लेझर उपचार वेगळा असतो आणि त्यासाठी आमचे यंत्र नाही.

उपचार चालू असताना खोलीतील प्रत्येकाने वापरात असलेल्या लेझरच्या तरंगलांबीसाठी बनवलेला चष्मा लावावा, आणि पापणीजवळ काम असल्यास रुग्णाच्या डोळ्यावर धातूचे कवच बसवावे. पावसाळ्यात वातानुकूलन बंद-चालू होत राहिल्याने यंत्राच्या भिंगांवर बाष्प धरते. ते स्वतः पुसू नये, यंत्र बंद ठेवून आम्हाला कळवावे.