कॅमेऱ्याला लॅपटॉपकडे यायची बंदी, तरी व्हिडिओ दिसतो कसा?

सीसीटीव्ही, स्मार्ट टीव्ही, मुलांचे मोबाईल, ऑफिसचा लॅपटॉप, सगळं एकाच वायफायवर. वेगळी फायरवॉल (नेटवर्कमधून येणारं-जाणारं तपासून नको ते अडवणारा पहारेकरी) लावा म्हटलं की लोक म्हणतात, अहो आपला आयपी (नेटवर्कवरचा पत्ता) १९२.१६८ वाला, म्हणजे घरापुरता, बाहेरून कोणाला दिसतच नाही! हे अर्धवट खरं आहे. राउटरमध्ये यूपीएनपी (उपकरणांना राउटरकडून आपोआप वाट मागू देणारी सोय) चालू असेल तर कॅमेरा परस्पर पोर्ट, म्हणजे ये-जा करायचं क्रमांकाचं दार, उघडून घेतो, आपल्याला पत्ताही लागत नाही. २०१६ मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने इंटरनेटवर उघडे पडलेले लाखो कॅमेरे, डीव्हीआर (रेकॉर्डिंगचे डबे) आणि राउटर ताब्यात घेतले, तेही साठेक डिफॉल्ट युजरनेम-पासवर्ड वापरून. २१ ऑक्टोबरला ताब्यातल्या अशाच उपकरणांनी डाइन या डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा आयपी सांगणारी सेवा) कंपनीवर मारा केला आणि अमेरिकेत ट्विटर, नेटफ्लिक्स कित्येक तास धड चालेनात.

फायरवॉलमध्ये मला सगळ्यात आवडते ती तिची स्मरणशक्ती, म्हणजे स्टेट टेबल. लॅपटॉपने एखादी साइट उघडली की पहिलं सिन पॅकेट (जोडणी मागणारा माहितीचा तुकडा) जाताना फायरवॉल पाच गोष्टी टिपते: आपला आयपी, आपला पोर्ट, समोरचा आयपी, समोरचा पोर्ट (बहुतेक ४४३) आणि प्रोटोकॉल (बोलण्याची पद्धत, टीसीपी किंवा यूडीपी). उत्तर आलं की हीच नोंद उलटी करून जुळवते, जुळली तर आत, नाहीतर पॅकेट तिथेच टाकून देते. चांगल्या फायरवॉल टीसीपीचे सिक्वेन्स नंबरही (पॅकेटचा क्रम सांगणारे आकडे) तपासतात. यूडीपीत हँडशेकच (जोडणी पक्की करणारी सुरुवातीची देवाणघेवाण) नसतो, मग घड्याळ लावायचं, पीएफ या फायरवॉल प्रोग्राममध्ये दोन्ही बाजूंनी बोलणं सुरू झालं की डिफॉल्ट ६० सेकंद, तेवढ्यात काही आलं-गेलं नाही तर नोंद पुसली. वायरगार्ड या व्हीपीएनमध्ये (इंटरनेटवरचा सुरक्षित बोगदा) दर २५ सेकंदांनी रिकामं पॅकेट पाठवायची सेटिंग ठेवतात ती याचसाठी, नोंद जिवंत राहावी म्हणून.

पण फायरवॉल फक्त तिच्यातून जाणारंच बघते. कॅमेरा आणि लॅपटॉप एकाच नेटवर्कवर असतील तर ते स्विचवरून (घरातली उपकरणं एकमेकांना जोडणारा डबा) मॅक ॲड्रेसने (उपकरणाचा स्वतःचा क्रमांक) थेट बोलतात, फायरवॉलला कळतही नाही. म्हणून नुसता फायरवॉलचा डबा आणून जोडला तर काम अर्धंच होतं, मॅनेज्ड स्विच (ज्यात विभागणी ठरवता येते) घेऊन कॅमेऱ्यांना वेगळा व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं नेटवर्क) द्यावाच लागतो, समजा १९२.१६८.३०.x. मग नियम दोनच: लॅपटॉपकडून कॅमेऱ्याकडे परवानगी, कॅमेऱ्याकडून लॅपटॉपकडे बंदी. तरी व्हिडिओ दिसतो, कारण मागणी लॅपटॉपने केली होती आणि ती टेबलात आहे! कॅमेऱ्याने आपणहून लॅपटॉपचं दार वाजवलं तर मात्र नोंद नाही, मग प्रवेशही नाही. मला हे अजूनही फार सुंदर वाटतं.

बाकी जोडणी सोपी आहे. दोन लॅन पोर्टचा मिनी पीसी, त्यावर ओपीएनसेन्स किंवा पीएफसेन्स हे फायरवॉलचं सॉफ्टवेअर, इंटरनेटवाल्याचा डबा ब्रिज मोडवर, म्हणजे राउटरचं काम न करता नुसतं नेट पुढे देणारा (पीपीपीओई, म्हणजे लॉगिन करून मिळणारं नेट, असेल तर त्याचा पासवर्ड आधीच मागून ठेवा, नाहीतर नेट बंद पडून बसाल), जुना राउटर डीएचसीपी (आयपी वाटायचं काम) बंद करून नुसता ॲक्सेस पॉइंट, म्हणजे फक्त वायफाय देणारा.

आणि ते ‘मिलिटरी ग्रेड’, ‘हॅकप्रूफ’ लिहिलेले डबे जास्त पैसे देऊन घेऊ नका. खोट्या लिंकवर तुम्ही स्वतः ओटीपी टाकलात तर फायरवॉलच्या दृष्टीने ते तुम्हीच सुरू केलेलं कनेक्शन आहे, ती कशाला अडवेल?

शेवटी आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांच्या नव्या पद्धतीचेही नियम लावा. तिथे सहसा नॅट (घरातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यामागे झाकणारी सोय) नसतं, प्रत्येक कॅमेऱ्याला जगभर चालणारा पत्ता मिळू शकतो, आणि मग मध्ये उभी असते ती फक्त फायरवॉल.